पाचव्या माळेची मळमळ : उपास, मधुमेहाची गोळी आणि 'नॉर्मल' शुगर

पेशंट ५२ वर्षांच्या बाई. घरीच ब्लाउज शिवतात. मधुमेह ९ वर्षांचा, बाकी मोठं दुखणं नाही, ऑपरेशन नाही. तक्रार अशी की तीन दिवस सारखं मळमळतंय, कालपासून उलट्या सुरू आहेत, बेंबीच्या वर दुखतंय आणि तोंडाला कोरड पडलीय. दिवस नवरात्रातला पाचवा, ललितापंचमी. आमच्याकडच्या भाषेत पाचवी माळ. सासूबाई आणि मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन आले ते निदान सोबत घेऊनच: उपासानं पित्त खवळलंय. उपचारही ठरलेला होता. एक सलाईन लावा, त्यात पित्ताचं इंजेक्शन सोडा आणि तासाभरात मोकळं करा, घरी दिवा आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घरच्यांचं निदान वेडगळ नव्हतं. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात नवरात्रात दवाखान्यात येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींची तक्रार हीच असते. कुणी उठता-बसता उपास धरतं, कुणी नऊ दिवस. सकाळी उपाशीपोटी चहा, त्याआधी मिश्री, अनवाणी फिरून पाय दुखले की रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी, आणि रात्री एकदम तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी. एवढ्यावर ज्याला मळमळणार नाही त्याचं जठर खरोखर दणकट म्हणायचं. या बाईसुद्धा रोज मिश्री लावतात आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे "दरवर्षी दुसऱ्या माळेला तिला असं हुतंयच."

दरवर्षी जे होतं ते का होतं, हे आधी सांगायला हवं. त्याशिवाय या वर्षीचं वेगळेपण कळणार नाही.

पोट रिकामं झालं म्हणून निवांत पडून राहत नाही. दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक जोरकस लाट सरकत जाते. राहिलेले अन्नकण, मेलेल्या पेशी, जंतू असं सगळं ती पुढे ढकलते. मोटिलिन नावाचं संप्रेरक ही लाट चालवतं. पोटात गुडगुडतं आणि खड्डा पडल्यासारखं होतं ते बरंचसं तिच्यामुळेच. १९१२ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न या त्यांच्या सहकाऱ्यानं रबरी फुगा गिळला, नळीनं तो बाहेरच्या यंत्राला जोडला, आणि भुकेची कळ व जठराचं आकुंचन बरोबरच येतात हे कागदावर रेघेनं उमटवून दाखवलं. कुणाला ही लाट भूक म्हणून जाणवते, कुणाला मळमळ म्हणून. दोन्हींमधली सीमा फारशी पक्की नाही.

त्यात आम्लाची भर. जठरातून दिवसाला दीड-दोन लिटर रस पाझरतो. अन्न असलं की आम्ल त्यात खर्ची पडतं, नसलं की अस्तराला भिडतं. जेवणाच्या ठरलेल्या वेळा शरीर लक्षात ठेवतं, त्यामुळे ताट समोर नसलं तरी त्या वेळेला पोट तयारीला लागतं. थोडं पित्त लहान आतड्यातून उलटं वर येतं, म्हणून उपाशीपोटीची उलटी पिवळी-हिरवी आणि कडू. कोरा किंवा दुधाचा, कसाही चहा आम्ल वाढवतो. मिश्रीतली तंबाखू तर थेट मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला डिवचते.

या साध्या मळमळीची लक्षणं ओळखीची आहेत. ती येते-जाते. सकाळी जास्त, दुपारी कमी. दोन घास खाल्ले, निदान थोडं दूध घेतलं, की बसते. तिसऱ्या दिवसापर्यंत भूकच मंदावते आणि तिच्याबरोबर तीही. उपाशीपोटी दुखून रात्री दोन वाजता जाग येत असेल, खाल्लं की थांबत असेल आणि हे उपास नसतानाही होत असेल, तर अल्सरचा विचार करावा लागतो. त्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तरी असतो, नाहीतर दुखण्याच्या गोळ्या तरी. शौचाला डांबरासारखी काळी होत असेल तर मग उपास सुटायची वाट बघायची नसते. पण हेही सगळं या बाईंच्या बाबतीत बसत नव्हतं.

त्यांची मळमळ येत-जात नव्हती. तिसऱ्या माळेला सुरू झाली ती रोज चढत गेली. मेडिकलमधून आधी फेसाळणारी पुडी आणली, मग आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल, मग उलटीची ओंडॅनसेट्रॉन. शेवटच्या गोळीनं अर्धा दिवस उलटी थांबली आणि सगळ्यांना वाटलं, उतार पडला. उलटीची गोळी उलटी थांबवते, उलटीचं कारण नाही. त्या अर्ध्या दिवसानं इथे नुकसानच केलं असं माझं मत आहे, कारण तेवढा वेळ कुणीच काळजी केली नाही.

तपासायला घेतलं तेव्हा नजरेत भरली ती त्यांची बोलण्याची पद्धत. वाक्य पुरं होत नव्हतं. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. उरलेलं उत्तर सासूबाई द्यायच्या. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. २८. नुसते जलद नव्हते, खोलही होते, धावून आल्यासारखे. नाडी ११८, रक्तदाब १००/६८, जीभ सुकलेली. पोट मऊ, वरच्या भागात दाबल्यावर दुखत होतं पण पोट कडक झालेलं नव्हतं. ताप नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना हवा स्वच्छ जात होती. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९८.

फुप्फुसं साफ, ऑक्सिजन भरपूर, आणि तरी ही बाई एवढ्या जोरानं श्वास का घेतेय? पित्तानं असा श्वास चालत नाही. रक्तात आम्लता वाढली की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल सांभाळू बघतं, तेव्हा असा श्वास चालतो. मधुमेही माणसात रक्ताची आम्लता म्हटलं की पहिलं नाव कीटोॲसिडोसिसचं, पुस्तकी भाषेत डीकेए: चरबी जळून तयार होणारे कीटोन साठतात आणि रक्त आम्ल होतं. पण त्यात शुगर ४००, ५०० असायची. ग्लुकोमीटरवर आकडा आला १८६.

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, घरी पण रोज बघतोय आम्ही. दीडशे, एकशेसाठ, एवढीच येतीय. उपासानं उलट कंट्रोलमध्ये आलीय." खरोखरच डायरीत सगळे आकडे लिहून आणले होते, नीट, तारखेसह. इतकी काळजी घेणारं घर मला महिन्यातून एखादं भेटतं.

दुसऱ्या शक्यताही होत्याच. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की मनात पहिल्यांदा भगर येते. जुन्या, ओल लागलेल्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर वर्षी कुठून ना कुठून येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहाच्या प्रसादातून शेकडो लोकांना बाधा झाली, आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या होत्या. पण भगरीनं होतं ते काही तासांत, आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्यांना एकदम. या घरात भगर सासूबाईंनी खाल्ली होती आणि त्या ठणठणीत होत्या. दुसरी भीती हृदयाची. मधुमेह असलेल्या बाईचा हार्ट ॲटॅक छातीत न दुखता नुसती मळमळ आणि पोटदुखी घेऊन येऊ शकतो, म्हणून ईसीजी काढला. ठोके जलद, बाकी ठीक. स्वादुपिंडाला सूज असू शकते, पित्ताशयात खडा असू शकतो. ते इथे ठरणार नव्हतं.

सिस्टरनी लघवीची पट्टी बुडवली. अशा पट्टीवर रंगांचे छोटे चौकोन असतात, आणि मिनिटभरात बाटलीवरच्या तक्त्याशी ते ताडून बघायचे. कीटोनचा चौकोन गडद जांभळा, तक्त्यातल्या शेवटच्या रंगापर्यंत गेलेला. साखरेचा चौकोन तपकिरी, तोही शेवटच्या रंगाला.

कीटोनचं मला नवल वाटलं नाही. पाच दिवस उपाशी असलेल्या कुणाच्याही लघवीत कीटोन सापडतात, धडधाकट माणसाच्याही. विचारात पाडलं ते साखरेच्या चौकोनानं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीत सोडायला लागतं. १८६ ला अगदी थोडी सापडावी. इथे तर ती धो धो वाहत होती. मूत्रपिंडाला साखर धरून ठेवूच देत नाही असं एक औषध आहे.

"गोळ्या कुठायत?"

मुलगा मोटरसायकलवर जाऊन दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधलेल्या स्ट्रिप घेऊन आला. एक मेटफॉर्मिन. एक ग्लिमेपिराइड, तिच्यातली एकही गोळी घटस्थापनेपासून घेतलेली नव्हती. आणि तिसरी, काही महिन्यांपूर्वी शहरातल्या डॉक्टरांनी सुरू केलेली, रोज सकाळी न चुकता घेतलेली, आजचीसुद्धा. मागच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम.

मग उपासाची चौकशी तपशिलानं केली. ती खरं तर सगळ्यात आधी करायची चौकशी असते, पण 'उपास' एवढं एका शब्दात सांगितलं की कुणी पुढं विचारत नाही. या बाईंचा उपास साबुदाणा-बटाट्याचा नव्हता. साबुदाण्यानं शुगर वाढते म्हणून साबुदाणा बंद. केळं बंद, रताळं बंद, खजूर बंद, राजगिऱ्याचा लाडू गुळाचा म्हणून तोही बंद. दोन वेळा बिनसाखरेचा चहा, दुपारी ताक, रात्री मूठभर भाजलेले दाणे आणि काकडी. ग्लिमेपिराइड त्यांनी स्वतःच थांबवली, कारण एकदा संकष्टीला ती घेऊन उपाशी राहिल्यावर घाम फुटून हातपाय थरथरले होते. त्यामागचं कारणही त्यांना माहीत होतं: "ती गोळी साखर पाडते." डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवली, कारण ती साखर पाडत नाही, लघवीवाटे काढते. मग उपासात घ्यायला काय हरकत?

प्रत्येक निर्णय वेगळा घेतला तर शहाणपणाचा आहे. ग्लिमेपिराइड बंद करणं तर बहुतेक डॉक्टरांनीही सांगितलं असतं. घोटाळा ते सगळे एकत्र आल्यानं झाला.

निरोगी माणसाच्या मूत्रपिंडातून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळली जाते आणि जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतली जाते. ही ओढून घेण्याची वाट ग्लिफ्लोझिन गटाची औषधं अडवतात. (या गटाचा मूळ पुरुष म्हणजे फ्लोरिझिन. ते १८३५ मध्ये युरोपात सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळं काढलं गेलं, आणि त्याचा मधुमेहाशी असा संबंध लागायला दीडशेहून अधिक वर्षं गेली.) मधुमेहात या गोळीनं दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून जाते, म्हणजे बारा ते सोळा चमचे. आमच्या पेशंट दिवसभरात सगळं मिळून तेवढी पिष्टमय-साखरेची भर घालतच नव्हत्या. आवक नाही, जावक चालू. यकृतातला साखरेचा साठा शंभरेक ग्रॅमचा असतो आणि तो एरवीही दिवसभराच्या उपासात संपत येतो.

साठा संपला की शरीर चरबी जाळायला घेतं आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं. उपासात हे सगळ्यांचंच होतं आणि त्यात वावगं काही नाही, कारण थोडंसं इन्शुलिन पाझरत राहतं आणि तेवढंही चरबीला लगाम घालायला पुरतं. पण इन्शुलिन किती सोडायचं हे स्वादुपिंड रक्तातली साखर बघून ठरवतं. गोळी साखर बाहेर फेकतेय, रक्तात आकडा दीडशे-एकशेसाठ, म्हणजे स्वादुपिंडाला वाटतं फार गरज नाही. त्यात ९ वर्षांच्या मधुमेहानं ते आधीच थकलेलं, आणि त्याला ढोसणारी ग्लिमेपिराइडही बंद. इन्शुलिन घटलं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकॅगॉन वाढलं, आणि कीटोनची निर्मिती सुटली. कीटोन आम्लधर्मी असतात. रक्त आम्ल होत गेलं की जठर पुढे ढकलायचं काम मंद करतं, पोट दुखतं, मळमळतं, उलट्या होतात. उलट्यांनी ताक आणि दाणेही पोटात राहिनात.

पाण्याचंही असंच झालं. साखर लघवीतून जाताना पाणी सोबत नेते. ऑक्टोबरचं ऊन, वर उलट्या, आणि लघवी मात्र भरपूर होत होती. घरच्यांनी त्यावरून धरून चाललं की पाणी अंगात आहे. एरवी हा अंदाज बरोबर असतो. या गोळीवर असलेल्या माणसात तो चालत नाही.

याला युग्लायसेमिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. कीटोॲसिडोसिसच, फक्त साखर २५० च्या आत. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं या गटाच्या औषधांबाबत मे २०१५ मध्ये पहिला इशारा दिला. टाइप टू मधुमेहात हे क्वचित होतं. पण आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, स्वस्त गोळ्या आल्या, आणि पूर्वी फक्त मोठ्या शहरांतल्या चिठ्ठ्यांवर दिसणारं औषध तालुक्याच्या मेडिकलमध्ये आलं. त्याचं मला स्वागतच आहे. हृदय आणि मूत्रपिंडासाठी इतकं उपयोगी मधुमेहाचं औषध फार दिवसांनी हाती आलंय. फक्त ते ज्या देशात आलं, तिथे वर्षाला किती लोक किती प्रकारे उपाशी राहतात, हे गोळीच्या पाकिटाला ठाऊक नाही.

आता खरी अडचण. मी म्हटलं, हे इथे होणार नाही, आत्ताच्या आत्ता शहरात आयसीयू असलेल्या दवाखान्यात न्यायचं. बाई मान हलवून नको म्हणाल्या. घट बसलेत, अखंड दिवा आहे, घर सोडून रात्री बाहेर राहायचं नसतं, दिव्यात तेल कोण घालणार, रोजची माळ कोण चढवणार. सासूबाई गप्प होत्या. अशा वेळी विज्ञान सांगत बसण्यात अर्थ नसतो, आणि दिव्याचं काय एवढं, असं म्हणणं तर उद्धटपणा. मी आजींनाच विचारलं, "आजी, तुमच्या घरी कधी कुणी बाळंतीण झाली नवरात्रात, कुणी आजारी पडलं, तेव्हा दिव्याचं कसं केलं?"

आजींनी थोडा वेळ घेतला. "जावंनं बघितला हुता एक साल." मग मुलाकडे वळून, "तू घाल तेल. ज्योत आणलीस ना तुळजापुरास्नं पळत, मग तेल घालाय काय हुतंय?" आणि सुनेकडे न बघता, "उठ गं. देवी काय म्हणत न्हाई."

एकशेआठची गाडी येईपर्यंत साधं नॉर्मल सलाईन चालू केलं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डापाग्लिफ्लोझिन चालू, शेवटचा डोस आज सकाळी, पाच दिवस जवळपास निराहार, श्वास २८, शुगर १८६ असली तरी एबीजी (धमनीतल्या रक्ताची आम्लता बघणारी तपासणी) करावा. वर फोनही केला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला मधुमेह, उलट्या आणि १८६ शुगर एवढंच कळलं असतं, तर त्यानं पित्ताचं इंजेक्शन देऊन सकाळी या सांगितलं असतं, आणि त्याला फार दोष देता आला नसता.

तिथला रिपोर्ट असा होता. पीएच ७.१२, म्हणजे रक्त खूपच आम्ल झालेलं, आणि आम्ल निवळवणारं बायकार्बोनेट ९ पर्यंत घसरलेलं. सोडियम १३६, क्लोराइड १०३, म्हणजे ॲनायन गॅप (रक्तात जास्तीचं आम्ल साठलंय का, याचा हिशोब) २४, नेहमीच्या दुप्पट. स्वादुपिंडाची सूज दाखवणारं लायपेज ठीक, सोनोग्राफीत खडा नाही. उपचार पुस्तकातला: सलाईन, इन्शुलिनचं ड्रिप, पोटॅशियमवर लक्ष. मुलाचा रात्री अकराला घाबरून फोन आला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. "डॉक्टर, ते मम्मीला साखरेचं सलाईन लावतायत! शुगरच्या पेशंटला!" त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. कीटोन बंद व्हायला इन्शुलिन लागतं. शुगर १८६ असताना नुसतं इन्शुलिन दिलं तर ती धोक्याच्या खाली जाईल. म्हणून एका हातानं साखर द्यायची आणि दुसऱ्या हातानं इन्शुलिन. साखर हीच इथे औषध आहे. बाकी मुक्काम सरळ गेला, फक्त गोळीचा अंमल शरीरातून लगेच उतरत नसल्यानं बायकार्बोनेट वर यायला वेळ लागला. खंडेनवमीला त्या घरी आल्या.

डापाग्लिफ्लोझिन त्यांना पुन्हा सुरू केलेली नाही. एकदा असं झालेल्या माणसाला शक्यतो परत देत नाहीत, आणि शहरातल्या डॉक्टरांनीही तेच ठरवलं.

या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचून त्या आपल्या मनानं बंद करू नयेत. हृदयासाठी दिलेली असेल तर तसं करणं महागात पडेल. करायचं ते सोपं आहे. स्ट्रिपच्या मागे बघा. नाव 'ग्लिफ्लोझिन'नं संपतंय का? डापा, एम्पा, कॅना, रेमो, पुढे काहीही असो. कित्येकदा ती मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत असते, म्हणजे एक गोळी घेतोय असं वाटतं आणि आत दोन-तीन औषधं असतात. असेल, तर लांबचा किंवा कडक उपास धरण्याआधी आठवडाभर डॉक्टरांकडे जा आणि उपासाचा प्रकार सांगा: किती दिवस, पाणी चालतं का, काय खाणार. मोठ्या ऑपरेशनच्या आधी, जेव्हा उपाशी राहायचंच असतं, तेव्हा या गटातल्या बहुतेक गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. त्यावरून अंदाज यावा. उपास चालू असताना मळमळ चढत चालली, पाणी ठरेना, श्वास लागला, तर ग्लुकोमीटरवर काहीही आकडा असो, लघवीतले कीटोन तपासून घ्यायचे आणि दवाखाना गाठायचा. उपास देवासाठीच असला पाहिजे असंही नाही. वजनासाठी भात-पोळी सोडून कीटो डाएटवर गेलेल्या, आणि हीच गोळी चालू असलेल्या माणसाचं शरीर तोच हिशोब मांडतं.

काही डॉक्टर मधुमेही पेशंटला सरसकट सांगतात, उपास करायचाच नाही. मी तसं सांगत नाही. पेशंट मान हलवतो आणि घरी जाऊन न सांगता करतो, मग आपल्याला काहीच कळत नाही. रमजानच्या रोजांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सविस्तर सूचना काढल्या, कारण लोक रोजे ठेवणारच हे त्यांनी गृहीत धरलं. तसंच गृहीत धरून या बाईंशी बोलणं झालं. नवरात्रात आता पहिली आणि शेवटची माळ, म्हणजे उठता-बसता. त्या दोन दिवशीही दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात: वाटीभर भगर, उकडलेलं रताळं, दूध. साखर थोडी वाढेल, वाढू दे. मधले सात दिवस जेवण. सासूबाईंनी एकच दुरुस्ती सुचवली, की अष्टमीलाही धरू दे. तेवढं मान्य केलं.

संकष्टीचं वेगळं ठरवावं लागलं. चंद्रोदयाला रात्रीचे साडेआठ-नऊ वाजतात आणि ग्लिमेपिराइड पुन्हा चालू झालेली. त्या दिवशी सकाळची गोळी नाही, रात्री जेवताना आणि तीही अर्धी. दुपारी चारला शुगर बघायची. ७० च्या खाली आली, किंवा घाम-थरथर सुरू झाली, तर चंद्राची वाट न बघता साखर तोंडात टाकायची.

कार्तिकातल्या संकष्टीला त्या दुपारी दवाखान्यात आल्या. मळमळतंय म्हणून घाबरल्या होत्या, आणि घाबरायला कारणही होतं. श्वास मोजले, १६. शुगर १३२. पट्टीवर कीटोन जेमतेम एक प्लस, साखरेचा चौकोन कोरा. सकाळपासून काय घेतलं? उठल्यावर मिश्री, त्यावर दोन कप चहा. दवाखान्यातच केळं खायला लावलं. पाऊण तासात मळमळ गेली. तेव्हापासून उपासाच्या दिवशी आधी दूध किंवा फळ आणि मग चहा, एवढा बदल त्यांनी केलाय आणि तो टिकलाय. मिश्री मात्र सुटलेली नाही. ती आता खाल्ल्यावरच लावते, असं त्या म्हणतात. सासूबाई त्यावर काही बोलत नाहीत, कारण डबी दोघींची एकच आहे.